लाइट टॅकलसाठी पूर्णवेळ गाइड

५ ऑक्टोबर
समुद्र निवळला. सीझन सुरू. बोट धुतली. म्हणजे मेहुण्याने धुतली, मी देखरेख केली. बोट दोघांत अर्धी-अर्धी आहे. इंजिनकडची अर्धी त्याची असं तो धरून चालतो. विचारांची बाजू माझ्याकडे.

ऑफिसची नोकरी मुदतीआधी सोडून या धंद्यात पडलो त्याला दोन वर्षं झाली. अजून बायकोला लाइट टॅकल समजलेलं नाही. परत सांगितलं. हलकी काठी, बारीक दोरी, किनाऱ्याजवळचं खारं पाणी. मासा दमवून पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. ती म्हणाली, मग आधी त्याला त्रास कशाला द्यायचा. उत्तर सविस्तर होतं, पण तिला भाजी निवडायची होती.

६ ऑक्टोबर
मेहुणा येऊन बसला. गेल्या सीझनचं एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही म्हणाला. मी म्हणालो, एका फेरीत मी सगळं शिकवतो, परत कशाला येतील? त्यावर तो म्हणाला, भावोजी, एक पूर्णवेळ गाइड ठेवू, नाहीतर माझी अर्धी बोट मी वाळू वाहायला देतो. अर्धी बोट वाळू कशी वाहणार, हे विचारणार होतो. त्याचा चेहरा बघून राहू दिलं.

गाइड ठेवणार. हाताखाली माणूस असला की मला मूलभूत गोष्टींकडे लक्ष देता येईल.

८ ऑक्टोबर
जाहिरात लिहिली. उमेदवार अनुभवी, नम्र, मितभाषी, पहाटे उठणारा, मालकाचं ऐकणारा हवा. बायकोने वाचली. असा माणूस मिळाला तर मला पण दाखवा म्हणाली. मजकूर जमला आहे.

१३ ऑक्टोबर, दुपार
मुलाखती. आमच्या हॉलमध्ये.

पहिला, जहाजावरचा निवृत्त आचारी. मासे सोडून द्यायचे आहेत हे कळल्यावर उठला आणि चप्पल घालून गेला. पाणी पण प्यायला नाही.

दुसऱ्याला विचारलं, आत्ता वारा कुठून येतोय? म्हणाला, पंख्यातून. नापास.

तिसरी बाई. तलावावर पोहायला शिकवते. आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. तिला विचारलं, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी कोणता मासा लागेल? म्हणाली, माहीत नाही, गेल्यावर बघू. चौदा वर्षं खरेदी विभागात काढली, पण मुलाखतीत इतका बेफिकीर माणूस पाहिला नाही. नापास.

रात्री मेहुण्याचा फोन. त्याने तिला उद्यापासून यायला सांगितलं आहे. मी म्हणालो, माझ्या पण मनात तीच होती. कोरी पाटी बरी.

१४ ऑक्टोबर
मास्तरीण रुजू. हे नाव मीच दिलं, मनात.

धक्क्यावर गळ कसा फेकावा ते करून दाखवलं. गळ मागे माझ्याच शर्टात अडकला. तिने तो सोडवला. चुकलं की काय होतं ते आधी दाखवतो, असं मी समजावलं. ती म्हणाली, शर्ट फाटलाय, काका. काका! मालक म्हणायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

२ नोव्हेंबर
बुकिंग वाढलं आहे. फोन बायको घेते. लोक विचारतात म्हणे, ते काका असतात का बोटीवर? पाहा, नाव झालं आहे. बायको नसतात म्हणून सांगते. मी म्हणालो, आहेत म्हणून सांग. दिवसभर तिने तसं सांगितलं. एकही बुकिंग आलं नाही. योगायोग असतात.

९ नोव्हेंबर
मास्तरणीबद्दल टिपण. गिऱ्हाइकाने काही विचारलं आणि येत नसलं की सरळ माहीत नाही म्हणते आणि वर हसते. मग गिऱ्हाईक पण हसतं. दोन मासे तर तिने चक्क दोरी तोडून घालवले. त्यावर पण सगळे हसले. अशाने धंद्याची प्रतिष्ठा राहत नाही.

आज एक दातांचे डॉक्टर मोठा मासा धरून, फोटो काढून, सोडून आले. लहान पोरासारखे नाचत होते. तो खरं म्हणजे कसा धरायला हवा होता ते मी त्यांना धक्क्यावर सांगू लागलो. त्यांना तातडीने गाडीत बसावं लागलं. कोणाचा तरी दात असेल.

१८ डिसेंबर
कन्येचा फोन. तिच्या ऑफिसचे साहेब, साहेबांच्या मिसेस आणि ती असे तिघं रविवारी येणार. बोटीवर फिरायचं आहे. बाबा, त्या गाइडताई असतील ना, असं दोनदा विचारलं. लाइन खराब होती म्हणून फोन ठेवला.

मास्तरणीला रविवारी सुट्टी दिली. नको म्हणत होती, तरी दिली. मेहुण्याला कळवण्याचं काही कारण नाही. मुलीच्या साहेबांसमोर बाप कोण आहे हे दिसायला हवं.

संकल्प: कमी बोलणे.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळ उत्तम. सगळे वेळेवर. खाडीच्या तोंडाशी गेलो. साहेबांनी भरती-ओहोटीचं विचारलं, म्हणून सांगायला घेतलं. चंद्रापासून सुरुवात केली. पृथ्वीपर्यंत आलो तेवढ्यात बोट तिरकी झाली. पाणी ओसरलं होतं. आम्ही वाळूवर.

साहेबांनी विचारलं, पाणी परत कधी येईल? आत्ता येईल म्हणालो. त्यांच्या मिसेस बाकावरून हळूहळू घसरत होत्या. विषय तुटू नये म्हणून मी बोलत राहिलो. कन्या माझ्याकडे बघेना, पाण्याकडे बघत होती.

नंतर शिट्टी ऐकू आली. मास्तरीण किनाऱ्यावरून गुडघाभर पाण्यातून चालत येत होती. आमची बोट तिरकी झालेली बायकोने गच्चीतून पाहिली आणि तिला फोन केला. मला केला नाही.

आता काय करायचं, असं साहेबांनी तिला विचारलं. ती म्हणाली, करायचं काय, उतरा खाली, इथेच गळ टाकू. सगळे चपला काढून उतरले. साहेबांच्या मिसेसना मासा लागला. त्या इतक्या ओरडल्या की पक्षी उडाले. साहेबांनी पँट वर खोचून फोटो काढले.

मी बोटीवरच थांबलो. कप्तानाने बोट सोडायची नसते. या म्हणायला कोणी आलं असतं तर विचार केला असता.

शेवटी कन्या आली, पाण्याची बाटली घेऊन. म्हणाली, बाबा, एकदा चुकलं म्हणा ना, कोणी काही बोलणार नाही. मी म्हणालो, ही वाळू नवीन आहे, नकाशात नाही. तिने नकाशा उघडला, पाहिला, घडी करून ठेवून दिला. बाटलीचं झाकण तेवढं उघडून दिलं.

२३ डिसेंबर
मास्तरीण म्हणते, बोटीवर एक तर काका, नाहीतर मी. बैठक झाली. मेहुणा, बायको आणि फोनवर कन्या. मी निर्णय त्यांच्यावर सोडला होता. तो त्यांनी फार पटकन घेतला.

किनारा विभाग मी स्वतःकडे घेतला आहे. तिकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं आहे.

४ जानेवारी
सकाळी धक्क्यावर उभा होतो. नवीन जोडपं आलं. नवऱ्याने माझ्या हातात बॅग दिली, ही जरा चढवा म्हणाला. चढवली. मग विचारलं, मालक कुठे भेटतील? मास्तरीण सुकाणूपाशी उभी राहून लाइफ जॅकेटं वाटत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. का, ते सांगता येत नाही. हात आपोआप वर गेला.

तो तिच्याकडे गेला. तिने त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिने हाक मारली, काका, दोर सोडा.

सकाळी नऊलाच घरी. बायकोने विचारलं, आज काय केलंत?

दोर सोडला, म्हणालो.

एवढंच?

एवढंच.

तिने चहा टाकला.