तिच्या बशीतला माझा रुमाल

बाई, तिनं माझ्या रुमालाला हात पुसले, तिथंच माझं सगळं फिरलं. नववीचा वर्ग, शनिवार पेठेतली आपली शाळा. बटाट्याच्या पाण्यात, जेली करतात ते चायना ग्रास शिजवून तुम्ही काचेच्या बश्यांमध्ये थिजवलं होतं. अर्ध्या भागावर न धुतलेली बोटं टेकवायची, अर्ध्यावर साबणानं धुतलेली. ती हात धुऊन आली, निथळत उभी राहिली. धायरीहून बसनं येताना चुरगळलेला माझा रुमाल मी पुढे केला.

दोन-तीन दिवसांनी बाकीच्यांची धुतलेली बाजू जवळजवळ कोरी, तिची मात्र पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च. "साबण लावलास की गूळ?" तुम्ही विचारलंत. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. वर्ग खिदळला, आणि मी मागच्या बाकावरच्या एकाची कॉलर धरली. "कुस्ती मैदानात. इथे आपण जिवाणू शिकतोय," एवढंच तुम्ही म्हणालात.

शाळा सुटल्यावर तुम्ही बश्या कुकरमध्ये रचताय. उगवलेली बशी उघडायची नाही, वाफेवर मारूनच टाकायची, हा तुमचा नियम. मी म्हणतो, "बाई, तिची तेवढी मला द्या ना." तुम्ही चष्म्यावरून बघता. हसत नाही. "अरे, ह्यात तिचं काय आहे? सगळं तुझ्याच रुमालातलं. आपलंच पेरायचं आणि तिचं म्हणून जपायचं, असं करू नये." झाकण लावलंत. शिट्ट्या होईपर्यंत मला शेजारी बसू मात्र दिलंत.

माझा दहावीचा निकाल लागायच्या आत तुम्ही गेलात. पेढे कुणाला द्यायचे तेच कळेना. तुमचाच विषय शिकायचा म्हणून कॉलेजात गेलो, आणि तिच्यावरून एकाला बडवून मधूनच बाहेर पडलो. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तुला कधी काही म्हटलं होतं का रे?" नव्हतं म्हटलं. कधीच नव्हतं.

आज तिचं लग्न आहे, सिंहगड रोडच्या कार्यालयात. जाऊन सगळ्यांसमोर तिला एकदा विचारायचंच, मी का नाही, म्हणून सकाळी शर्टही घातला. आई दारात आडवी आली. "जाऊ नगंस पोरा. तिचं काय चुकलंय त्यात?" तुम्ही असतात तर आधी तुमच्याकडे आलो असतो. नाही आहात, म्हणून हे लिहीत बसलो.

कार्यालयात जात नाही. मंडईत अण्णांच्या गाळ्यावर कामाला जातो, तिथं आज माणूस कमी आहे. पण खरं सांगू, बाई? ती बशी माझीच आहे हे मला तेव्हाच पटलं होतं. तरी हवी होती. अजून हवी आहे.

कागद उशीखाली सारतो. हात धुतो, पुसत नाही. तसाच ओल्या हातानं बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.