महाभियोगाचा अर्थ

बाबा, महाभियोग हा शब्द तुम्ही मला जेवताना शिकवलात. अमरावतीच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही नुकतेच कोर्टातून आलेले, आणि विलायतेत एका माजी गव्हर्नरावर वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्याची गोष्ट रंगात येऊन सांगताय. "महाभियोग म्हणजे शिक्षा नव्हे, पोरी. मोठ्या अधिकाऱ्यावर भर सभेत आरोप ठेवणं. पुढे तो सुटेलही, पण उत्तर द्यायला उभं राहावंच लागतं." मला तो शब्द भारी आवडला. काही दिवस मी दूध सांडणाऱ्या मांजरावरही महाभियोग चालवत होते.

मग एका सकाळी आपल्याकडे भाजी घालणारी माळीण आली, रिकाम्या हातांनी. तिच्या गावाशी तहसीलदाराचा तंबू लागला होता. दौऱ्यावरच्या साहेबाला गावानं दूध-भाजी फुकट पुरवायची, ही तेव्हाची रीतच. तिच्या नवऱ्यानं वांगी द्यायला नकार दिला, तर तहसीलदारानं त्याच्या कानशिलात अशी लगावली की त्या कानानं त्याला ऐकूच येईना. "वकीलसायेब, त्याले कोर्टात उभा करा," ती म्हणाली. "बाकी मले काई नोको."

तुम्ही पान लावत होतात. "सरकारी अधिकाऱ्यावर खटला भरायला सरकारचीच मंजुरी लागते, बाई. अर्ज वर जाईल आणि चौकशीसाठी खाली त्याच्याकडेच येईल."

"म्हंजे चोरालेच इचाराचं, तू चोरी केली काय म्हून?"

मी दारातून विचारलं, कानफटात मारणं हे काय सरकारी काम आहे? माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "आत जा." तिला मात्र समजावलंत, माफी मागून मोकळे व्हा, नाहीतर तुमच्या मळ्याचं काही खरं नाही. तिच्या नवऱ्यानं माफी मागितली. वांगीही दिली. पुढच्या वर्षी तुम्ही सरकारी वकील झालात आणि मला रेशमी परकर आणलात. तो मी कधी अंगाला लावला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तुमच्याकडे बघूनच मला कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी अकोल्याच्या बाजारात ती माळीण दिसली, म्हातारी, मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. तिनंच मला ओळखलं. "वकीलसायेब कसे हायेत वं?" गेले, म्हटलं, तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "खरं बोलले ते. दुसऱ्या वकिलानं फी घेऊन आमाले नागवलं असतं." मला तिचाच संताप आला. शेजारी बसलेला तिचा नवरा विचारत होता, "काय म्हनते? कोन गेलं?" तिनं त्याच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं, आणि त्या माणसानं तुमच्यासाठी हात जोडले.

हे पत्र टाकणार तरी कुठं? पण खरं सांगते बाबा, त्या बाजारात मीही रडले. तुमच्यासाठीच रडले, आणि त्याचा राग मला अजून येतो.