लाट आली होती

मोरहेड सिटी, जून १९४२

आदरणीय मिसेस ट्रास्क,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितोय. तुमच्या मुलाला, ऑरिनला, लाटेने ओढून नेलं असं कप्तानांनी कळवलंय. त्या दुपारी समुद्र तळ्यासारखा शांत होता.

पाण्याखालचे आवाज ऐकायला बसलेला मॅक्रे ओरडला, "पाणबुडी! अगदी खाली!" आमचं छोटं लाकडी जहाज गर्रकन वळलं आणि माझ्या शेजारी उभा असलेला ऑरिन तोल जाऊन समुद्रात पडला. तो हसत होता. "बघतोस काय, रेड्या? दोर टाक!"

मी कप्तानांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "थांबलो तर सगळेच मरू. बॉम्ब सोड."

पिंपाएवढा तो बॉम्ब मागून ढकलायचं काम माझं होतं. मी ढकलला. तो खोल जाऊन फुटायला दहा-बारा सेकंद लागतात, हे ऑरिनला ठाऊक होतं. त्याचं हसू गेलं. तो उलटा फिरून जिवाच्या आकांताने पोहायला लागला.

पाणबुडी नव्हतीच. मॅक्रेला माशांचा मोठा घोळका ऐकू आला होता. शेकडो मासे पोटं वर करून तरंगत आले.

"लाट आली होती," कप्तान सगळ्यांना म्हणाले. मग आचाऱ्याकडे वळून म्हणाले, "मासे वाया घालवू नकोस."

त्या दिवशी तो पोटभर जेवला होता का, असं तुम्ही विचारलंय. तो उपाशीच गेला, मिसेस ट्रास्क. आम्ही जेवलो. मी दोनदा वाढून घेतलं.

तुमचा म्हणवत नाही,
लेलंड प्रूइट