दिराच्या क्लासचा पाचवा प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ

वरच्या मजल्यावर दिराचा कॉम्प्युटर, खाली माझा. दोन्ही जोडून माझं पेपरांचं फोल्डर शेअर केलं मीच, त्याच्या प्रिंटरवर मला पेपर छापता यावेत म्हणून. आज माझ्या शिकवणीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचाच पेपर काल सरांच्या क्लासमध्ये मैत्रिणीला आला." पेपरावर नाव दिराचं. अख्ख्या नाशिकरोडला सांगत फिरतो, पेपर मी स्वतः काढतो.

शेअरिंग बंद करू? छे, राहू दे. तो न वाचता प्रिंट मारतो. नव्या पेपरात पाचवा प्रश्न घातलाय: 'दीर रोज वहिनीचा एक पेपर चोरतो, तर आठवड्यात किती?'

आत्ताच वर प्रिंटर सुरू झाला. काढा भाऊजी, वर्गभर पुरतील एवढ्या प्रती काढा. वर नाव तुमचंच राहू द्या.