लव्हाळ्यातली मोजणी

सूनबाई,

चहा झाकून ठेवलाय. पोर उठली तर आजी तळ्यावर गेलीय म्हण.

तुझ्या दुर्बिणीला सगळं दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही. लव्हाळ्यात माझा लेक बदकं मोजतोय. तो गेल्या हंगामात तिथेच बुडाला, हे मला तू शिकवू नकोस. शंभर झाली की थांबतो. पूर्वी तू वहीत मांडून "लिहिलं" म्हणायचीस, मग तो पुढे जायचा. आता कुणी ओ देत नाही, म्हणून पुन्हा एकपासून सुरू करतो. काल मीच म्हणणार होते, पण काठावरूनच घरी परतले.

आज होडीने जवळ जाऊन "लिहिलं, आता पुरे" असं सांगून येते. तू मागे येऊ नकोस. तुझा आवाज ऐकला तर तो पुढची शंभर मोजायला घेईल.