पुतळाचं पाणी

३ ऑक्टोबर १९८४, दिवाळे
आलो एकदाचा! खोली खाडीकडे, कोपऱ्यात पाण्याचा माठ, वारा फुकट. पाठीवर फवारणीचा पंप वाहणारा मी आता हिवताप-तपासनीस. घरमालकीण जाईबाईनं लगेच खिजवलं, रगत नेऊन इकतंस का रं?

६ ऑक्टोबर
घरोघर बोटं टोचतोय. थेंब टिपकागदावर, कागद प्रयोगशाळेत. ताप येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते. म्हाताऱ्यांत ती जुनी असेल. पण लहानग्यांत सापडली, तर रोग अजून इथंच फिरतोय.

१९ ऑक्टोबर
निकाल आले. खूण असलेली पोरं सगळी गोजरा कोळणीच्या घराभोवतीची. तिच्या शेजारचा कान्हा तर तापातून नुकता उठलाय.
तिच्या परसात शिरताच कानाशी गुणगुण. उघडी घागर, आत डासांच्या अळ्या वळवळतायत.
तिची लेक पुतळा गेल्या वर्षी तापानं गेली. तापात पाणी द्यायचं नाही, असं घरच्या मोठ्यांचं सांगणं. पोर मागत राहिली, हिनं दिलं नाही. गेलेल्या माणसासाठी दहा दिवस पाणी ठेवतात. हिनं ही घागर वर्ष झालं तरी उचलली नाही. निदान झाकण घाल म्हटलं, तर म्हणाली, "झाकन तिला उचलाचा नाय, साहेब. चार वर्साची हाय."
मी घागर उपडी केली. आता ती कुठं पिईल, एवढंच तिनं विचारलं. मला ते सोसवेना. हसून म्हणालो, पाठव माझ्याकडे.

२२ ऑक्टोबर
माठाचं झाकण सरकलेलं राहिलं होतं. सकाळी भरलेला, दुपारी अर्धा. जाईबाई म्हणते, गळत असंल. खाली जमीन कोरडी. झाकणावर दगड ठेवला.

२४ ऑक्टोबर
भर दुपारी माठावर नखं घासल्याचा आवाज. लहान हाताला दगड हलत नाही— माझे कान चुकत नाहीत.

२६ ऑक्टोबर
अंगात थंडी. गोळ्या घेतल्या. गोजरा दारात उभी राहून विचारून गेली, पिते ना?
हो म्हणालो.

२७ ऑक्टोबर
माठ उघडा ठेवला तर डास— कान्हा समोरच खेळतोय. झाकला तर ही—
पेला भरून हात पुढं केला. बोटांना ओठ लागले. कोरडे, सालपटं सुटलेले—
प्यायली.

संध्याकाळ
माठ संपत आला. ती हटत नाही. दाराबाहेर आणखी पावलं, लहान लहान— कुणाची पोरं ही, कधीची— पुतळा त्यांना सांगतेय, या, हितं पानी देतात— आणि पेल्यात आता शेवटचा घोट—