आरतीनं केलेली मी

५ सप्टेंबर, रहिमतपूर

शाळेची ऑनलाइन माहिती भरायची राहिलीय. राहू दे. आधी हे लिहिते.

आज शिक्षक दिन, म्हणून दहावीची मुलं एक दिवसाचे शिक्षक झाली. त्यांतली आरती 'मी' झाली. माझ्यासारखी सुती साडी, माझ्यासारखाच घट्ट अंबाडा. तिला आठवीचा मराठीचा तास दिला होता. मी हौसेनं मागच्या बाकावर जाऊन बसले.

तिनं हजेरी घेतली, खुर्चीत बसली आणि कंपासपेटी मोबाईलसारखी धरून तिच्यावर बोट फिरवायला लागली. पोरं बोलली की मान वर न करता डावा हात उचलायची. "गप बसा रं. धडा मनात वाचा. मला माहिती पाठवायचीय."

वर्ग हसला. मीही हसले. का हसले?

तो डावा हात. मी खरंच असा उचलते? आत्ता सासूबाईंनी चहाचं विचारलं, तेव्हाही तो वर गेलाच.

तास संपल्यावर तिला म्हटलं, "अगं, थोडं शिकवायचंस तरी."

"मॅडम, मी तुमचं काम केलं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर रागावता तरी आलं असतं.

हीच पोरगी रोज मधल्या सुट्टीत डबा लवकर संपवून आठवीच्या मुलींना गणितं समजावते. म्हणून विचारलं, "पुढं शिक्षिका होणार ना?"

ती अंबाड्याच्या पिना काढत होती.

"न्हाई मॅडम. मला शिकवायला आवडतं."